रजिस्टरातलं अक्षर

"काका, हे अक्षर तुमचंच आहे ना?" माझ्या वकीलबाईंनी रजिस्टरची झेरॉक्स माझ्यासमोर धरली.

"हो," मी म्हणालो. पोलिसांनाही हेच सांगितलं होतं.

"मग अडचण आहे."

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर होतो. माल वर नेणारी लिफ्ट माझ्याकडे, तिच्या दुरुस्तीचं रजिस्टरही माझ्याकडेच. तिच्या दरवाज्याला एक लॉक असतं. दरवाजा उघडा असला तर लिफ्ट हलू नये, एवढंच त्याचं काम. ते लॉक घासलं होतं. एका दुपारी दरवाजा उघडा असताना लिफ्ट सुटली आणि रमेश लोडरचा पाय गुडघ्याखाली गेला.

माझ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. ठाण्यात पहिली तक्रार लिहितात तो एफआयआर. तपास झाल्यावर पोलीस कोर्टात देतात ती चार्जशीट. चार्जशीटमध्ये नाव आलं म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो, असं मी समजत होतो. तसं नसतं. ते पोलिसांचं म्हणणं. सिद्ध करायचं काम सरकारी वकिलाचं. जामीन ठाण्यातच मिळाला, पण सिद्ध झालं असतं तर तीन वर्षांपर्यंत कैद होती.

रजिस्टरात शेवटची नोंद होती: 'दरवाज्याचं लॉक घासलं. बदलावं लागते. साहेबाले सांगितलं.' पुढे अकरा दिवस कोरे, मग अपघात. मॅनेजर साहेब म्हणाले, मला कोणी सांगितलं नाही. पोलीस म्हणाले, ही नोंद यानं अपघातानंतर घुसडली.

"रजिस्टर तुमच्या ताब्यात, अक्षर तुमचं," वकीलबाई म्हणाल्या. "कोर्टानं नमुना मागितला तर लिहून दाखवावं लागेल."

"मले तसं लिहिता येत नाही, मॅडम."

"काहून?"

"चौथी शिकलो मी. ते शांतानं लिहिलं. माझ्या बायकोनं."

रजिस्टर कारखान्याबाहेर न्यायचं नाही, असा नियम. मी रोज डब्याच्या पिशवीत घालून घरी आणत होतो. "सांगा जी, आज काय मोडलं?" असं शांता भाजी चिरता चिरता विचारायची. मी सांगायचो, ती हात पुसून लिहायची. कारखान्यात सगळे म्हणत, फिटर असून काय अक्षर आहे. मी ऐकून घेत होतो.

"मग त्यांना साक्षीला आणा."

"ती नाही आता. त्या नोंदीच्या दुसऱ्या दिवशी गेली. अटॅक."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवला. "म्हणजे अपघाताच्या आधी?"

"अकरा दिवस आधी. मी चौथ्या दिवशी कामावर गेलो. पण लिहायले घरी कोणी नव्हतं."

"अन् हे तुम्ही मले आता सांगून राहिले?"

"लाज वाटली."

"लाजेपायी तीन वर्षं बसायले तयार होते तुम्ही, काका."

पुढचं काम त्यांनी केलं. शांताचा मृत्यूचा दाखला लावला. विहारातल्या महिला मंडळाची हजेरीवही तीच लिहायची, ती वही कोर्टात आणली. मंडळाच्या वच्छलाबाई आमच्या बाजूनं साक्षीला उभ्या राहिल्या.

सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्ही हस्ताक्षर तज्ज्ञ आहात काय?"

"नाही जी. पण चौदा वर्षं तिची वही मीच तपासली. तिच्या ओळी शेवटाले वर चढतात. किती सांगितलं तिले, ऐकलं नाही."

न्यायाधीश मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हीकडे ओळी वर चढत होत्या. मेलेली बाई अपघातानंतर नोंद लिहू शकत नाही. ज्यानं आधी कळवलं, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. मी सुटलो.

मॅनेजर साहेबावर केस झाली नाही. रमेशचा पाय आला नाही. त्या दिवसांत मी लॉकबद्दल साहेबाला परत एकदा विचारायला हवं होतं. माझं लक्ष नव्हतं. हेही मी वकीलबाईंना सांगितलं, पण निकाल लागल्यावर.

रजिस्टर कोर्टाच्या रेकॉर्डला जमा आहे. अर्ज करून मी त्या पानाची नक्कल घेतली.

कोणावर अशी केस लागली तर एवढंच करा. पोलिसांना काहीही सांगून बसले असाल, वकिलाला पहिल्याच दिवशी खरं सांगा. मला सात महिने लागले.