हिल्डेसहाइमच्या वजिरापुढे काढलेल्या चपला

१. शनिवारी आम्ही चौघं हॅनोव्हरहून हिल्डेसहाइमला गेलो: मी, माझी आई, येना शहरात ऑप्टिक्समध्ये पीएचडी करणारा निनाद आणि त्याची आई.
२. हेतू स्थळ बघण्याचा होता. माझा नकार आधीच ठरलेला होता.
३. तिथल्या संग्रहालयात, इजिप्तच्या एका वजिराच्या पुतळ्याच्या दालनाबाहेर, निनादच्या आईने चपला काढल्या.
४. मग जवळपास सगळ्यांनीच काढल्या.

आता तपशील. रिजनल गाडीने अर्धा तास लागतो. वीकएंड तिकीट एकच काढलं तरी पाच जणांना चालतं, म्हणून स्वस्त पडतं. डबा न्या, आम्ही बागेतल्या बाकावर थालीपीठं खाल्ली.

बघायचा तो हा वजीर. पिरॅमिडच्या बांधकामाचा प्रमुख, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, चुनखडीचा, माणसाएवढा. पोट सुटलेलं, छाती ओघळलेली, चेहऱ्यावर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. शिल्पकाराने एक किलोही कमी केलेला नाही. मला ते आवडलं.

अंधाऱ्या खोलीत उजेड फक्त त्याच्यावर. काकूंनी दाराशीच चपला काढल्या, पाठोपाठ आईने.

"काकू, हा देव नाही. सरकारी अधिकारी आहे."

"मग तर काढायलाच हव्यात. देव एकवेळ समजून घेतो."

आम्ही आत असताना जर्मन आजी-आजोबांची सहल आली. चपला दिसल्या, म्हणजे नियम असणार. कुणी काही विचारलं नाही. भिंतीला समांतर बुटांची रांग लागली.

रखवालदार आला. "आल्झो, तर मग हे कुणी सांगितलं?"

मी छताकडे बघितलं. निनाद म्हणाला, "आमच्या आयांनी सुरुवात केली. मी थांबवलं नाही."

"आणि आता यांना बूट कोण घालणार?"

प्रश्न रास्त होता. निम्म्या लोकांना वाकता येत नव्हतं.

निनाद सरळ जमिनीवर बसला. एका आजींची नाडी बांधून त्याने विचारलं, "ठीक आहे?"

"नाइन. सैल हवी. हा पाय सुजतो."

त्याने सोडून पुन्हा बांधली. मग तिसऱ्यांदा.

"अगं, बघतेस काय नुसती?" आई कुजबुजली. "त्या टोकाकडून सुरू कर."

केलं. मधल्या एका आजोबांपाशी आम्ही समोरासमोर आलो. एक बूट त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"तुमची गाठ सुटेल," मी म्हणाले.

"दाखवा मग."

दाखवली. आजोबा म्हणाले, "गेनाऊ." अगदी बरोबर.

घरी आल्यावर मी नकाराचा विषय काढला नाही. लक्षात राहिला तो वजीर, अर्थात. आणि सुजलेल्या पायासाठी नाडी तीनदा बांधणारा माणूस.

निनाद, तुम्ही हा ब्लॉग वाचता. दगडी अधिकारी बर्लिनलाही आहेत. पुढच्या रविवारी मी बघायला जाते आहे, आयांशिवाय. येणार का, ते गुरुवारपर्यंत कळवा.