भिंतीला थोबाडीत मारणाऱ्या बाई

कुठल्याही घरात शिरल्या की बाई आधी भिंतीला थोबाडीत मारायच्या. टिचकी नाही, थाप नाही. हात खांद्यापासून मागे नेऊन सणसणीत. आवाज भरीव आला तर पुढे जायच्या. पोकळ आला तर घरमालकाकडे अशा बघायच्या, की पुढची आता त्यालाच बसणार. एकदा भिंगारला एका घरात गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा सुटला आणि सोफ्यावर बसलेल्या आजोबांच्या मांडीवर पडला.

"वाचलात," बाई म्हणाल्या. "झोपेत डोक्यावर पडला असता."

बाई आर्किटेक्ट होत्या. सावेडीत पहिल्या मजल्यावर ऑफिस. वय साठीच्या अलीकडे, अंग काटक, सुती साडी कमरेला घट्ट खोचलेली आणि पायात पुरुषी बूट. नगरमध्ये त्यांच्याकडून घर बांधून घेतलेल्या कुणालाही त्यांच्याबद्दल विचारा. तो आधी मागे वळून बघेल आणि मग हसेल.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजमाप हा माझा धंदाच. केडगावात तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला तेव्हा प्रत्येक खोलीचं माप, खिडकीची उंची, कपाटाची खोली असं सगळं कागदावर मांडून मी बाईंकडे गेलो. त्यांनी कागद शांतपणे वाचला, उभा फाडला, मग आडवा फाडला.

"घर बघितलंय का कधी?"

"म्हणजे काय? घरातच राहतो की."

"राहणं वेगळं, बघणं वेगळं. रविवारी सकाळी या. मिसेसना आणा. त्या येणार नसतील तर तुम्हीही येऊ नका."

त्यांची पद्धतच तशी होती. नव्या गिऱ्हाइकासाठी एक रेघही मारण्याआधी त्याला आपण बांधलेली घरं दाखवायची. नकाशा हातात देतानाच त्या मालकाला अट घालायच्या, की पुढे कधीही माणसं घेऊन येईन, दार उघडावं लागेल. आणि जायच्या त्या फोन न करता. "फोन करून गेलं की घर दिसत नाही, दिवाणखाना दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला एका डॉक्टरांच्या घरी नेलं. दोन मजले उंचीचा हॉल, वरून लोंबणारा पंखा, मधोमध झुंबर. मी मान वर करून उंचीचा अंदाज घेत होतो. डॉक्टर झुंबराची माहिती सांगत होते. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि त्यांच्या पत्नीला विचारलं, "वरची जाळी कोण काढतं?"

"कामाला मावशी आहेत ना," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही काढता का?"

पत्नी म्हणाली, "मावशी शिडीवर चढत नाहीत. मीच चढते. दोनदा पडले."

"मला सांगितलं नाहीस कधी!"

"तुम्ही विचारलं कधी?"

बाई माझ्याकडे वळल्या. "लक्षात ठेवा. चूक माझी आहे. हा हॉल मी काढलाय." आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला, तोही भिंतीला मारायच्या तितक्याच जोरात.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "मी काय बांधलं ते बघत बसू नका. राहणाऱ्यांनी नंतर काय फोडलं, काय बुजवलं, खिळा कुठं ठोकला, ते बघा. घर तिथं खरं बोलतं."

तेव्हापासून आमचे रविवार असेच गेले. नगरच्या रस्त्यांवरून बाईंची जुनी मारुती धावायची आणि उसाच्या ट्रॉल्यांना दिलेल्या शिव्या मागच्या सीटवर आमच्या कानांवर पडायच्या. एका बंगल्यात वरच्या मजल्यावरची सुंदर बाल्कनी पत्र्यानं बंद केलेली दिसली, कारण ओले कपडे वाळत घालायला दुसरी जागाच नव्हती. एका ठिकाणी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गव्हाची पोती होती. एके ठिकाणी कोरीव दगडी पायरीवर चपलांचा ढीग. माझी बायको सुनंदा यात लवकर तयार झाली. मी मापं घ्यायचो, तिला घर दिसायचं.

बाईंच्या रागाच्या गोष्टी खऱ्या होत्या, हेही याच दिवसांत कळलं. सावेडीतल्या एका कामावर मिस्त्रीनं भिंत सहा इंच सरकवून बांधली होती. बाईंनी टेप लावली आणि काही न बोलता ओल्या भिंतीला लाथ घातली. पहिल्या लाथेत भिंत हलली, दुसरीत विटा पलीकडे कोसळल्या, तिसरीत बाईंच्या अंगठ्याचं हाड मोडलं.

"बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" ठेकेदार ओरडला.

"फिरलंय. भिंत जागेवर आण, मग तेही येईल जागेवर."

पायाला प्लास्टर घालून त्या पुढच्या रविवारी हजर. प्लास्टरच्या पायानं क्लच दाबत होत्या, आणि प्रत्येक दाबाला ठेकेदाराच्या नावानं एक शिवी.

स्वयंपाकघरात शिरल्यावर मात्र त्या भिंतीला मारायच्या नाहीत. मधोमध उभ्या राहून एकच विचारायच्या, "इथून पळायचं कुठून?" त्यांच्या प्रत्येक नकाशात स्वयंपाकघराला घराबाहेर उघडणारं दुसरं दार असायचं. मी एकदा म्हणून बघितलं, की ते दार काढलं तर ओटा तीन फूट वाढेल. त्यांनी हातातला चहाचा कप टेबलावर इतक्या जोरात आपटला, की कपाचा कान तुटून माझ्या मांडीवर पडला.

"गॅस भडकला तर ओट्यावर चढून नाचणार का?"

मी समजलो, गॅसची भीती आहे. शहाणपणाचं वाटलं. मी तीन फुटांचा हट्ट सोडला.

मिरजगाव रस्त्यावरचं घर आमच्या यादीत शेवटचं होतं. मालकाचं खताचं दुकान. बाईंनीच बांधलेला, चार वर्षांचा बंगला. आम्ही पोहोचलो तेव्हा कंपाउंडच्या भिंतीचं काम चालू होतं आणि गवंडी सावलीत भाकरी खायला बसले होते.

"या या म्हॅडम. फोन न्हाई, काय न्हाई!" मालक हसतच पुढे आला. हॉलची भिंत भरीव वाजली. त्याचा चेहरा खुलला. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

दुसरं दार नव्हतं. तिथं नव्या टाइल्स होत्या, फळांच्या टोपलीचं चित्र असलेल्या.

"दार कुठंय?"

"दक्षिणंला हुतं ना ते. वास्तुवाल्यानं सांगितलं, लक्ष्मी जाती तिथनं. बुजवलं."

त्याची बायको मंगल ओट्यापाशी चहा ओतत होती. पदर कानावरून गळ्याभोवती ओढून घेतलेला. बाईंनी तिला विचारलं, "मंगल, पळायचं कुठून आता?"

ती कपाकडे बघत म्हणाली, "पळून कुठं जायाचं बाई."

मालकाला हसू आलं. "हिला कुठं पळायचंय? दोन टायमाला बसून खायाला मिळतंय."

सुनंदा मागे, स्वयंपाकघर आणि हॉलमधल्या दारापाशी थांबली होती. तिनं दार पुढे ओढलं, मागे ढकललं. मग मोठ्यानं म्हणाली, "अहो, ह्या दाराला बाहेरून कडी का?"

आम्ही सगळे वळलो. जाड, नवी कडी. तिच्यात उघडं कुलूप लोंबत होतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही खोलीला असं काही नव्हतं. आणि दाराच्या आतल्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, लाकूड ठेचून ठेचून खोलगट झालं होतं. कुणीतरी आतून, पुष्कळ वेळा, काहीतरी जड आपटलं होतं.

मंगलनं वाकून किटली खाली ठेवली, तसा पदर सरकला. कानापासून गळ्याच्या हाडापर्यंत कातडी निळी-काळी झाली होती.

बाई बाहेर गेल्या. मला वाटलं, गाडीकडे चालल्या. मालकालाही तेच वाटलं असावं, तो म्हणाला, "च्या तर घ्या." तेवढ्यात घरामागून आवाज आला. धाड. फळांच्या टोपलीला मधोमध तडा गेला.

त्यांनी गवंड्यांचा घण उचलला होता.

मालक पुढच्या दारानं धावत मागे गेला, वाटेत फावड्याचा दांडा उचलला. मी त्याच्यामागे. बाईंनी तोवर दोन-तीन विटा पाडल्या होत्या. साठीची बाई, घण तिच्या अर्ध्या उंचीचा, आणि प्रत्येक घावाला तोंडातून हुंकार.

"म्हॅडम, घर माझं हाय!"

"नकाशा माझा आहे!" बाई म्हणाल्या आणि घण पुन्हा उचलला.

पहिला दांडा त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडते तसा. दुसरा कानावर. बाई गुडघ्यांवर आल्या. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं कोपर मागे हाणलं, माझ्या तोंडात रक्त आलं, आणि आम्ही दोघं वाळूच्या ढिगात आडवे झालो. तो उठला, मी त्याचा पाय धरून पडून राहिलो. गवंडी भाकरी हातात घेऊन उभे. सगळ्यांचे डोळे आमच्यावर, पाऊल कुणाचंच पुढे नाही.

तेव्हा आतून आवाज आला.

मंगलनं वरवंटा उचलला होता. सुनंदानं मला नंतर सांगितलं, की मंगलनं एकदाही मागे बघितलं नाही. बाईंनी सैल केलेल्या विटांवर ती दोन्ही हातांनी घाव घालत होती. एक वीट बाहेर पडली. मग दोन एकदम. मग वरची सगळी रांग खाली आली, आणि धुरळ्यातून आधी वरवंटा, मग ती, वाकून, विटांच्या कडांनी साडी फाडून घेत बाहेर आली.

"आत जा," मालक म्हणाला.

ती गेली नाही. तिनं वरवंटा खांद्यावर उचलला.

"ये," ती म्हणाली. "ये की. आता ये."

तो आला नाही. त्याचा पाय माझ्या हातात होता, पण तो सोडवून घ्यायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. मग गवंड्यांतला एक म्हातारा पुढे झाला आणि त्यानं त्याच्या हातातून दांडा काढून घेतला.

गाडी मी चालवली. मागच्या सीटवर बाईंचं डोकं मंगलच्या मांडीवर होतं आणि कानातून रक्त येत होतं. वाटेत बाई एकदाच बोलल्या, "क्लच हळू सोडा. गाडी आहे, रेडा नाही."

नगरच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. मालकानं आधीच तक्रार दिली होती, की घरात घुसून भिंत पाडली.

"भिंत कोणी फोडली?"

"मी," बाई म्हणाल्या.

"खोटं हाय," मंगल म्हणाली. "मी फोडली."

"तू नंतर आलीस. पहिला घाव माझा."

"तुमच्या घावानं मांजर तरी गेलं असतं का भाईर? मी फोडली. माझ्या घराची हुती."

"आवाज खाली. माझा कान दुखतोय."

हवालदारानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "अहो, एकीनं कुणीतरी फोडा ना! मी लिहू काय?"

बाई हसल्या. हसताना दुखलं, तशी शिवी दिली, आणि पुन्हा हसल्या. मग मंगलनं भिंतीच्या आधीचं सगळं सांगायला सुरुवात केली. ती बोलत होती तोवर बाईंनी आपला धड हात तिच्या पाठीवर ठेवला होता.

मंगल परत गेली नाही. बाईंचं मनगट जुळलं, पण बोटांत पेन्सिल टिकेना. एक कान कायमचा गेला. ऑफिस बंद झालं. आमचं घर दुसऱ्याच आर्किटेक्टनं काढलं. आमची बाईंकडे ये-जा राहिली ती ऑफिसपुरतीच. रिकाम्या ऑफिसात त्या रोज दुपारी येऊन बसायच्या. मंगल त्यांच्याकडेच राहते आहे, हे आम्हाला माहीत होतं. घरी मात्र त्यांनी कधीच बोलावलं नाही. दुसऱ्यांची एवढी घरं दाखवणाऱ्या बाई स्वतः कुठं राहतात, हे आम्ही विचारलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मंगलचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या.

बाईंचा फ्लॅट भाड्याचा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आत पाऊल टाकलं आणि सवयीनं मी आणि सुनंदा दोघांनीही एकदमच बघितलं: मुख्य दार सोडलं तर घरात एकही दार नव्हतं. झोपायच्या खोलीला नाही, स्वयंपाकघराला नाही. चौकटी होत्या, चौकटींवर बिजागऱ्यांच्या खाचा होत्या. न्हाणीला तेवढा पडदा.

संगमनेरहून त्यांची थोरली बहीण आली होती. आमची नजर कुठं आहे ते तिला कळलं.

"भाड्याचं कुठलंही घर घेतलं की ती आधी आतली दारं उतरवायची," ती म्हणाली. "लग्नाची तीन वर्षं नवऱ्यानं कोंडून मारली तिला. मी आणायला गेले तेव्हा बाहेरून कुलूप होतं. त्यानंतर बंद दाराआड ती कधी झोपली नाही."

आंघोळ घालायची वेळ झाली. शेजारच्या बायका पाणी घेऊन आल्या. आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत उभे होतो आणि मधे नुसती मोकळी चौकट. एकीनं चादर आणली, पण लावायला खिळा सापडेना.

मंगल उठली. सुनंदाही उठली. दोघी चौकटीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून, पदर दोन्ही बाजूंना ताणून धरले. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. दोघींचे हात भरून आले असतील, पण आंघोळ पुरी होईपर्यंत त्यांनी ते खाली केले नाहीत.