आई पासवर्ड देत नाही

आज शिरूरहून निमोण्याला घरी गेले, तर आई गप्प गप्प. माझी ताई जहाजावर नोकरी करते. तिथे फोन लागत नाही, म्हणून ती दर रविवारी आईला मेल पाठवते.

"मेलच न्हाई तिचा. रुसली वाटतं," आई म्हणाली.

मी कॉम्प्युटर लावला. मेलच्या प्रोग्रॅमने पासवर्ड मागितला आणि आईने पटकन ती चौकट बंद केली.

"अगं, का?"

"तूच म्हणली व्हतीस, कुणी बी मागू दे, द्यायचा न्हाई. रोज मागतंय. मी काय देती व्हय?"

मला रडू की हसू कळेना. काळजीपोटी मीच गेल्या महिन्यात माझ्या फोनवरून आईच्या मेलचा पासवर्ड बदलला होता. घरच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम अजून जुनाच पाठवत होता, मेल कंपनीचा सर्व्हर तो नाकारत होता, म्हणून प्रोग्रॅम आईकडे नवा मागत होता.

शाळेआधी आईनेच मला घरी अक्षरं शिकवली. आज एकेक अक्षर मी सांगितलं, तिने दाबलं. ताईचे सगळे मेल एकदम उतरले. शेवटच्यात एकच ओळ होती: "आई, माझ्यावर रुसलीस का गं?"

आई अजून उत्तर लिहितेय, एका बोटाने. तुमचंही कुणी गप्प असेल, तर आधी त्यांचा मेल उघडतोय का, बघाल?