फोटोतल्या मेश्रामबाई

मेश्रामबाईंना खाली घातलेली मान खपत नसे. वर्गात एखादी मुलगी उत्तर देताना पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली की बाई खडू ठेवून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहत आणि म्हणत, "जमिनीले काय सांगून राहिली वं? मले सांग." मुलगी हसायची, मान वर यायची, आणि मग उत्तर चुकलं तरी बाई खूश. "मान दोनच कामांसाठी वाकवाची," त्या म्हणत, "वाचाले आन् जेवाले." एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि मिश्कीलपणे विचारलं की नमस्कार करताना काय करता? बाई म्हणाल्या, नमस्कार मी हातांनी करते.

मी सत्तरच्या सुमारास लग्न होऊन पुण्याहून नागपुरात आले आणि मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागले. बाई मराठी आणि इंग्रजी शिकवत. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंदोरा वस्तीतून सायकलवर येत, उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा गुंडाळून. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काहून म्हणजे काय, ते समजते का तुमाले?" मी नाही म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. काहून म्हणजे का, कशासाठी, हे त्यांनी लगेच सांगून टाकलं. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या. कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात इथपासून त्यांनी माझी शिकवणी घेतली. वर्गात त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी असे, पण राग आला किंवा माया दाटून आली की ती सरळ वस्तीत परत जाई.

वडील गिरणीत कामाला. छप्पन साली घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाई वडिलांचं बोट धरून दीक्षाभूमीच्या मैदानात गेल्या होत्या. पुढे वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी त्याच. ही गोष्ट त्या ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला सांगत, आणि का सांगू नये? मी पुण्याची असल्याचं तर मी दुसऱ्याच मिनिटाला सांगत असे.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात बर्डीवर, शहराच्या मुख्य बाजारपेठेत, फोटोंचं प्रदर्शन भरलं. वऱ्हाडपांडे नावाच्या फोटोग्राफरांनी काढलेले नागपुरातल्या माणसांचे फोटो होते. शाळा सुटल्यावर आम्ही चौघी शिक्षिका गेलो. सगळ्यात जास्त गर्दी एका फोटोपुढे होती. एक तरुण मुलगी बसलेली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, मान खाली, भुवया आकसलेल्या. मागे धूसर माणसं. खाली पाटी होती : 'निराधार'.

संगीताच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. शिवणाच्या बाई म्हणाल्या, खांदे बघा, केवढं ओझं आहे त्यांच्यावर. मीही मागे कशाला राहू? पांढरं लुगडं आणि मोकळं कपाळ पाहून मी जाहीर केलं की पोर कोवळ्या वयात विधवा झालेली दिसते. मेश्रामबाई फोटोच्या खालच्या कडेकडे बघत होत्या.

"ते विधवा नाही," त्या म्हणाल्या. "ते मी आहे."

आम्ही आळीपाळीनं फोटोकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढ्या वर्षांत त्यांची मान खाली कधी पाहिलीच नव्हती, तर ओळखणार कशा? मग त्यांनी सांगितलं. तो दसऱ्याचा दिवस होता, दीक्षाभूमीवरचा. त्या दिवशी तिथं सगळेच पांढरं नेसून येतात, सणाला नेसावं तसं. त्या वर्षी बाई मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाल्या होत्या. मैदानात पुस्तकं विकणारे बसले होते, त्यांच्याकडे इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक मिळालं. घरी जाईपर्यंत धीर निघेना, म्हणून तिथंच मातीत बसून त्यांनी ते मांडीवर उघडलं. भुवया आकसल्या होत्या त्या इंग्रजी क्रियापदांपायी. पुढच्या वर्षी त्या पास झाल्या.

"पण पुस्तक कुठे आहे?" शिवणाच्या बाईंनी विचारलं.

फोटो कमरेच्या वरच संपत होता.

कोणीतरी वऱ्हाडपांड्यांना बोलावून आणलं. माणूस सज्जन होता. आपल्या फोटोतली मुलगी शिक्षिका होऊन समोर उभी आहे याचा त्यांना खरोखरच आनंद झाला. हाच फोटो दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवडला गेल्याचंही त्यांनी हौसेनं सांगितलं. बाईंनी पुस्तकाचं विचारलं तेव्हा त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. हो, होतं, ते म्हणाले. खाली पुस्तक होतं आणि कुणाचा तरी चपलेतला पाय मध्ये आला होता. त्यानं नजर चेहऱ्यावर ठरत नव्हती, म्हणून छापताना खालचा भाग कापला. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले की फोटो एकदा भिंतीवर लागला की तो बघणाऱ्याचा होतो. ज्याला जे दिसतं तो त्याचा अर्थ. लोक इथे रडून जातात, हे काय थोडं आहे?

बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, भाषा मात्र वस्तीत गेली.

"भाऊ, लोकांले जो अर्थ लावाचा तो लावू द्या. माह्या मांडीवरचं पुस्तक तुमी काहून कापलं? पुस्तक पाहून कोणी रडला तर रडू द्या त्याले. आन् एक सांगतो, त्या दिवशी त्या मैदानात कोणी निराधार नव्हतं."

वऱ्हाडपांडे अडचणीत आले. दिल्लीवाल्यांनी निवडला तो हा, कापलेला. पूर्ण फोटो पाठवला तर ते परत करतील, अशी त्यांना धास्ती होती, आणि अशी संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. हे त्यांनी लपवलं नाही. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच ठरवा. पण देशभरातली माणसं मला या पाटीखाली बघणार असतील, तर मी तिथं येऊन फोटोशेजारी उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. त्या तसं करतील याबद्दल आम्हा तिघींना तिळमात्र शंका नव्हती. वऱ्हाडपांड्यांनाही नसावी.

दोन दिवसांनी त्यांचा शाळेत निरोप आला. आम्ही गेलो तर त्याच जागी पूर्ण फोटो लावलेला होता. पुस्तक होतं, मुडपलेली पानं होती, परक्या माणसाचा चपलेतला पायही होता. 'निराधार'ची पाटी काढलेली होती. नवं नाव काय द्यावं, असं त्यांनी बाईंना विचारलं. नावाची काय गरज आहे, दिसतंच आहे की, बाई म्हणाल्या. त्या दिवशी माझी छाती अशी काही फुगली होती की जणू तो पेपर मीच पास झाले होते.

दिल्लीहून फोटो साभार परत आला. वऱ्हाडपांडे महिनाभर हिरमुसले होते, पण त्यांनी बाईंना बोल लावला नाही. फोटो चौकटीत बसवून स्वतः इंदोऱ्याला नेऊन दिला. मी तो बघायला गेले तेव्हा बाईंनी माझी त्यांच्या यजमानांशी ओळख करून दिली ती अशी : "हेच ते भूगोलाच्या बाई, ज्यांनी तुमाले लग्नाच्या आंधीच मारलं होतं."

पंच्याऐंशीच्या आसपास बाई कावीळ होऊन गेल्या. नोकरीत असतानाच. आजारपण इतकं थोडं होतं की मला त्यांना भेटायला दोनदाच जाता आलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्याशी वह्या तपासण्यावरून वाद घातला. जलदान विधीला, म्हणजे त्यांच्याकडच्या उत्तरकार्याला, घर माणसांनी भरून गेलं होतं. हार घालायला कोणता फोटो ठेवायचा, यावर घरात चर्चा झाली होती म्हणे. स्टुडिओत काढलेला एक फोटो होता, त्यात मान ताठ होती. पण यजमानांनी मांडीवरच्या पुस्तकाचा हाच निवडला.

लोक फुलं वाहत होते आणि पुढे सरकायच्या आधी जरा थांबत होते. एक जुनी विद्यार्थिनी, आता नर्स असलेली, म्हणाली, बाई कविता वाचताहेत. आम्हाला शिकवताना अशाच भुवया व्हायच्या. दुसरी म्हणाली, कविता कुठली, तो धम्माचा ग्रंथ आहे. रांगेतली एक म्हातारी, जिला अक्षरओळख नव्हती, तिनं फोटोला हात जोडले आणि नातीला पुढे ओढलं. "पाह्य," ती म्हणाली, "पोलिसाच्या परीक्षेचं वाचून राहिली. तुह्यासारखीच."

मला पुस्तक ठाऊक होतं. कोणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण कोणी विचारलं नाही, कारण ज्याचं त्याला दिसत होतं. कोणतं पुस्तक यावर त्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही, आणि बाई वाचत आहेत याबद्दल कोणाला एक क्षणही शंका आली नाही.