धूर तर वरच जातो

माझी मुलगी पायलट होणार म्हणून जळगावच्या आमच्या घरात मी तीन आठवडे मिरचीची फोडणी बंद ठेवली होती. पल्लवीने चष्मा घालवायला डोळ्यांचं लेसर करून घेतलं होतं आणि पुढे पायलटची मेडिकल होती. (चष्मा लावूनही विमान उडवता येतं म्हणे, पण हे तिला कोण सांगणार?) डॉक्टर म्हणाले होते, "धूर नको, धूळ नको आणि काही झालं तरी डोळे चोळायचे नाहीत." वर पल्लवीचं नाव घालून हे तिन्ही नियम मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले आणि दिवसातून चारदा तिला वाचायला लावले. तेवढीच नजरेची तपासणी!

मग पेशंटला बघायला अमळनेरहून माझी मोठी बहीण, अक्का आली. रिकाम्या हाताने कशी येणार? भरताची दहा किलो वांगी आणि ती भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा एसटीत घालून आली.

"अक्का, घरात धूर चालणार नाही," मी बजावलं.

"धूर ते वर जास, भाऊ. गच्चीवर भाजूत. पोरगी खाले शे."

मला ते विज्ञान पटलं. (खरं म्हणजे वांगी बघूनच पटलं होतं.) पल्लवीच्या खोलीची दारं-खिडक्या लावून, तिला गॉगल चढवून मी गच्चीवर हिरव्या मिरच्या खुडायला बसलो. काड्या पेटल्या, वांग्यांचा वास सुटला आणि वारा फिरला. सगळा धूर जिन्याने खाली निघाला! आपल्या जिभेपायी लेकीचं विमान जातंय, या भीतीने मी मिरच्या टाकून उठलो. मी धुरातून खाली धावलो. डोळे झोंबले, म्हणून मिरचीच्या हातांनी कचकचून चोळले. पल्लवीच्या खोलीचं दार चाचपडतच उघडावं लागलं.

"पप्पा, डोळे चोळू नका," आत मजेत बसलेली पल्लवी गॉगलमधून म्हणाली. "नियम तिसरा."

तिनेच माझे डोळे धुतले आणि हाताला धरून मला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघांनाही तपासलं.

"हिचे उत्तम आहेत," ते म्हणाले. "तुम्ही मात्र आठ दिवस..."

"पाठ आहे," मी म्हणालो.

पुढच्याच रविवारी अक्का पुन्हा आली, या वेळी मला बघायला. वांगी वीस किलो होती.

पल्लवी मेडिकल पास झाली आणि आता धुळ्याकडे विमान शिकते. ती पास झाली त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले. फ्रिजवरचा कागद अजून तिथेच आहे, फक्त जाताना तिने वरचं स्वतःचं नाव खोडून माझं लिहिलंय.