रुमालाखालची उंदरीण

देगलूरहून आलेल्या त्या माणसावर माझा पहिल्याच मिनिटाला संशय बसला. चहाचा घोट घ्यायच्या आधीच त्याने विचारलं, "किती मोठ्या होतेत ह्या?"

ह्या म्हणजे माझ्या पिंजऱ्यातल्या दोन पांढऱ्या उंदरिणी. आमच्या नांदेडात शिकवणीला आलेलं कुणाचं तरी लेकरू परीक्षा झाल्यावर त्यांना खोलीतच सोडून गेलं. माझी नात अशी टाकलेली जनावरं उचलून आणते आणि चांगलं घर मिळेपर्यंत माझ्या गळ्यात घालते. हा माणूस दोघींना न्यायला आला होता. दोघींतली एक मागच्या पायाने लंगडी. आली तेव्हा अंगावर धड केसही नव्हते. दोन महिने मी तिला बिनमिठाचा वरणभात बोटावर घेऊन भरवला. ती बोटच चावायची, तरी भरवला.

"मापं कशाला इचारून राहिलात?" मी म्हटलं.

"पिंजरा त्या मापाचा घ्यावा लागंल की, मावशी."

उत्तर जरा जास्तच तयार होतं. साप पाळणाऱ्यांना उंदीर लागतात, हे नातीनेच मला सांगून ठेवलेलं.

"घरी साप हाय का?"

"आज्जी!" नात ओरडली.

"न्हाई," तो म्हणाला. असता तरी हाव म्हणणार होता थोडाच!

संशय घ्यायची माझी खोड जुनी. उमरीहून लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा सासऱ्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान होतं. एकदा डबा द्यायला गेले तर सासरे एका परक्या माणसाचा हात धरून बसलेले. दोघांच्या हातांवर रुमाल, तोंडातून शब्द नाही, आणि रुमाल मात्र वळवळतोय. मी अठरा वर्षांची, अकलेचा नुसता साठा! त्याच रात्री आईला पत्र धाडलं : ह्या घरात करणी करतात, रुमालाखाली काहीतरी जितं असतं. आई अंगारा घेऊन धावत आली. सासूबाईंनी तिला आधी पोटभर जेवू घातलं, मग सांगितलं, "अवं, तुरीचा भाव ठरत हुता. दुसऱ्याला कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबून ठरवतेत." पुढे वर्षभर सासूबाई मला चहाचा कप रुमालाने झाकून देत. "बघ गं, काही जितं हाय का!"

सासरे मात्र हसले नव्हते. म्हणाले, "तोंडानं लई जण फसवून गेले मला. रुमालाखाली अजून कुणी न्हाई."

ते आठवलं आणि मी उठले. पाहुण्याला तळहात पुढे करायला सांगितलं, त्यावर लंगडीला ठेवलं, वर रुमाल टाकला आणि खालून त्याच्या हाताला माझा हात लावला.

"हे काय, मावशी?"

"आमच्यातली रीत हाय."

लंगडी परक्याला चावतेच, हे मी त्याला सांगितलं नाही. नातीलाही डोळ्याने दटावलं.

त्याचा तळहात घामेजलेला. रुमाल जरासा हलला, मग थांबला. एकदम तो "आई गं!" म्हणाला आणि खांद्यापर्यंत दचकला. हात मात्र तसाच राहिला. ना मूठ वळली, ना झटका बसला.

"चावली?"

"हाव."

"मग झटकली का न्हाई?"

"खाली फरशी हाय की!" तो दात आवळून म्हणाला.

मी रुमालाखाली त्याची दोन बोटं दाबली. मोंढ्यात बोटं दाबली की सौदा पक्का, मागे फिरायचं नाही. दाबली आणि लगेच वाटलं, घाईच केली.

नातीने त्याचं बोट धुऊन औषध लावलं. पिंजरा उचलून तो दारापर्यंत गेला, तेवढ्यात मी विचारलं, "मांजर?"

"आमच्यात न्हाई." मग चपलेत पाय घालत म्हणाला, "शेजारी हाय एक."

चहा पिताना हे बोलला नव्हता गडी.

त्या गेल्या. पिंजऱ्याच्या जागी फरशीवर चौकोनी डाग राहिला. मी तो पुसला नाही. सौदा मोडायचा नाही हे खरं, पण दिलेल्या लेकीचं घर बघायला जाऊ नये असं काही सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. नातीला म्हटलं, "बघ गं, सकाळी देगलूरला पहिली एसटी किती वाजता हाय ते."