मोहरीच्या डब्यातला पेचकस

कोपरीच्या आमच्या चाळीत दामाजी माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचा. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण त्याच्या मागे हिंडायला मला भारी मजा यायची. एकदा विठ्ठलवाडीहून निरोप आला, मिक्सर फिरत नाही. जाऊन बघतो तर प्लगच लावलेला नाही! मी पोट धरून हसलो. दामाजी एवढंच म्हणाला, "आता तेवढंच परत जायचंय." असा दमलेला माणूस. त्याच्या पुढ्यात आलेला चहा कधी गरम असताना प्यालेला मी पाहिला नाही.

त्यात ते मायक्रोवेव्ह आले. ब्याण्णव साली एक उघडताना त्याला असा झटका बसला की भिंतीवर जाऊन आपटला. प्लग काढला तरी त्या यंत्राच्या पोटात करंट साठून राहतो म्हणे. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून बधिर. बायको मंजुळानं त्याच्याकडून शब्द घेतला, पुन्हा त्या खोक्याचा एक स्क्रूही काढायचा नाही. वर त्याचा पेचकस मोहरीच्या डब्यात खुपसून ठेवला. मिक्सरच्या कामाला निघाला की काढून द्यायची, एरवी नाही.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच खाडीकडच्या कोळीवाड्यातून शेवंतीबाय आली. तिच्या दुबईच्या पोरानं मायक्रोवेव्ह पाठवलेला, आणि पोरगा उद्या सुट्टीवर येणार.

"आरं दामाजी, बंद परला मेला! काल चांगला व्हता."

"शेवंतीबाय, मी ते काम सोडलं."

"सोरलं? मंग पोराला काय सांगू, आयशीनं मोरला?"

दामाजीनं मंजुळाकडे बघितलं. तिनं डबा पदराखाली घेतला. "जा. पण हा पेचकस इथंच राहील. तिथं कुणाचा मागून घेतलात तर या घरात येऊ नका."

तो रिकाम्या हातांनी निघाला. मी अर्थातच मागोमाग.

शेवंतीबायच्या खोलीत यंत्राला झेंडूची माळ, कपाळावर कुंकू! दसऱ्याला विळा-कोयत्याबरोबर त्याचीही पूजा झालेली. दामाजीनं कपभर पाणी आत ठेवून बटण दाबलं. काही नाही. शेवंतीबायच्या दिरानं लगेच पेचकस पुढे केला. "घे, खोल न एकदा."

दामाजीचा हात पुढे झाला. खरं सांगतो, झाला. मग बधिर बोटं त्यानं दुसऱ्या हातात धरली आणि खाली बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मला वाटलं, झोपला की काय.

"भाऊ," तो मला म्हणाला, "दार लावलंय ना?"

"लावलंय की."

"मग आतला दिवा का जळतोय?"

दार नीट बसलं तर तो दिवा विझतो, आणि दार नीट बसल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. त्यानं दार उघडलं. दाराचा आकडा जिथं अडकतो त्या भोकात डोकावला. शेवंतीबायच्या केसातली पिन मागितली, प्लग काढला आणि पिन भोकाच्या अगदी तोंडाशी हलवली. ओल्या कुंकवात माखून वाळलेले तांदळाचे तीन दाणे बाहेर आले.

"अक्षता दार उघडून टाकल्यास?"

"मंग? आतल्या देवाला नको?"

मी हसून हसून खाली बसलो. दार लावल्यावर कट्ट आवाज झाला. पुन्हा प्लग लावला, आता दिवा लागला नाही; बटण दाबलं, ताटली फिरायला लागली. दोन मिनिटांत कपातून वाफ. शेवंतीबायनं त्याच पाण्यात चहा केला. दामाजी तो गरम असतानाच प्याला, डोळे मिटून.

घरी आल्यावर मंजुळा म्हणाली, "हात दाखवा." त्यानं दोन्ही हात पुढे केले. तिनं उलटेसुलटे करून पाहिले, मग मोहरीत हात घालून पेचकस काढला. "घ्या. शब्द पाळलात."

"राहू दे तिथंच," दामाजी म्हणाला. "माझा हात पुढे झाला होता."

आणि भिंतीला टेकून, जेवणाची वाट न बघता झोपला.